ओल्या कचऱ्याचं वजन

धाकटी सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर बारीक बघायची सवय घरी आल्यावरही सुटत नसे. साबण कुणी पाण्यात ठेवला, कपाटाचं दार कुणी अर्धवट लोटलं, हे तिला न विचारता कळायचं. त्यामुळे इमारतीत कचऱ्याची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा नवरा हसून म्हणाला होता की आता या घरात बटाट्याच्या सालीलाही जाब द्यावा लागणार.

स्पर्धा काढली होती तळमजल्यावरच्या ड्रॉइंगच्या बाईंनी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या इमारतीच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. प्रत्येक घरानं ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा, रविवारी सकाळी ओल्याची बादली फाटकापाशी आणायची, वॉचमननं ती ताणकाट्याला लटकवून वजन मोठ्यानं सांगायचं. ज्या घराचा कचरा सगळ्यात जास्त घटेल, त्यानं मागच्या मोकळ्या जागेत काय लावायचं ते ठरवायचं. धाकटीला तिथं लिंबू हवं होतं. समोरच्या दारात राहणाऱ्या तिच्या थोरल्या जावेला फुलझाडं हवी होती. दोघींमध्ये चुरस लागायला एवढं पुरेसं होतं.

थोरली घरी पडदे शिवायची. कमी बोलायची, आणि जे करायची ते पहिल्या फटक्यात बरोबर करायची. लग्न होऊन आल्यापासून धाकटीला तिच्या या गुणाचा त्रास होता. दोन्ही स्वयंपाकघरांना मागं मिळून एकच गॅलरी होती आणि दोघींच्या बादल्या तिथं शेजारी शेजारी असत.

सासरे, म्हणजे अण्णा, धाकटीकडे राहत. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. सासूबाई गेल्यापासून मात्र आपल्या खोलीत रेडिओ लावून बसत आणि ताटही तिथंच मागवत. ताट कधी उष्टं परत यायचं नाही. सकाळी तेवढे थोरलीकडे जाऊन पेपर वाचत, कारण पेपर तिच्याकडेच यायचा, आणि वाचून झाला की बगलेत मारून आपल्या खोलीत घेऊन येत.

पहिले रविवार बरे गेले. मग थोरलीची बादली हलकी होत गेली आणि धाकटीची जड. धाकटी मोजूनमापून रांधत होती. काल उरलेला भात आज परतून लागत होता, देठसुद्धा भाजीत जात होते. तरी वॉचमन वजन सांगायचा आणि बाई तोंडातल्या तोंडात चुकचुकायच्या. धाकटीच्या मनातही पाल चुकचुकली. पाणी कुठंतरी मुरत होतं.

एका संध्याकाळी तिनं बादलीत हात घालून वरच्या साली बाजूला केल्या. खाली वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या, घट्ट वळलेल्या, ओलसर. तिच्या घरी पेपर येत नव्हता. आणखी पुरावा तिला नको होता. पुडी उघडून बघायची तिला किळस आली आणि गरजही वाटली नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की वहिनी असलं काही करणार नाही, तू उगाच राईचा पर्वत करू नकोस. तिनं त्याला ऐकवलं की तुम्हाला तुमच्या माणसांचं काहीच दिसत नाही. मग तिनं स्वतःच पाळत ठेवली. दुकानातून दुपारी लवकर येऊन ती स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहू लागली. थोरली गॅलरीत यायची, फडकी वाळत घालायची, आणि जाताना धाकटीच्या बादलीचं झाकण उचलून पुन्हा नीट बसवायची. आपल्या बादलीचं झाकण दुसऱ्यानं का बसवावं? धाकटीनं तिच्याकडे साखर मागणं बंद केलं. जिन्यात भेटली तर ती चपलेचा पट्टा बघत उतरायची.

तिनं अण्णांनाही विचारलं. ताई दुपारी गॅलरीत कशाला येतात, काही टाकतात का, तुम्ही तर घरात असता. अण्णांनी रेडिओचा आवाज कमी केला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "येत असेल. गॅलरी तिचीही आहे." हे उत्तर तिला होकारासारखंच वाटलं.

बादली आत घेतली असती तर प्रश्न मिटला असता. पण तिला तो मिटवायचा नव्हता, चोर पकडायचा होता.

पुढच्या रविवारी फाटकापाशी बरीच माणसं होती. धाकटीची बादली काट्याला लागली, काटा खाली गेला, वॉचमननं जरा बिचकतच वजन सांगितलं. तिनं बादली उतरवून घेतली, साली जमिनीवर ओतल्या आणि एक पुडी उचलून सगळ्यांसमोर धरली.

"ताई, हा पेपर कुणाचा?"

थोरलीनं बघितलं. "माझा."

"मग तुमचा पेपर माझ्या बादलीत कसा येतो? तुमचा कचरा कमी व्हावा म्हणून माझ्या गळ्यात किती दिवस घालताय?"

ड्रॉइंगच्या बाई मध्ये पडल्या, म्हणाल्या की हे घरी बोला. पण धाकटी थांबायच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं पुडी फाडून उघडली. आत शेंगांची भाजी होती, गाजराच्या तिरक्या चकत्या, भाताची ढेकळं. सगळं चावलेलं होतं. चावून चोथा केलेलं आणि बाहेर काढलेलं. एका कडेला लालसर डाग होता.

थोरली खाली वाकली. तिचा चेहरा रागाचा नव्हता, आणि तेच धाकटीला आधी कळेना.

"गाजर मी अशी तिरकी कधी चिरत नाही," थोरली हळू म्हणाली. "ही तुझ्या हातची भाजी आहे. कालची."

धाकटीनं पुन्हा पुडीकडे बघितलं. काल ती भाजी नवऱ्यानं खाल्ली होती, तिनं खाल्ली होती, आणि अण्णांनी ताट चाटूनपुसून परत पाठवलं होतं. पेपर अण्णांच्या बगलेतून घरी यायचा. तिच्या हातातली पुडी खाली पडली. दोघी जावा जिन्यावर एकमेकींच्या पुढे-मागे पळाल्या.

अण्णा खोलीत पलंगावर बसले होते. खिडकी फाटकाच्या बाजूला होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवरा दाराशी येऊन उभा राहिला.  मग अण्णांनीच तोडकं-मोडकं सांगितलं. घास घशाखाली उतरत नव्हता, फार दिवस झाले. पातळ तेवढं जायचं. ताट परत गेलं तर प्रश्न निघतील, प्रश्न निघाले तर दवाखाना, आणि दवाखान्यात गेलेली बायको त्यांनी घरी परत आलेली बघितली नव्हती. चव मात्र लागायची, म्हणून ते चावायचे.

"आणि मी ताईंवर आळ घेतला तेव्हा?" धाकटीनं विचारलं.

अण्णांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, तुम्ही दोघी भांडाल आणि विसराल. तेवढं बरं वाटलं मला." थांबून म्हणाले, "थोरले, चुकलं माझं."

 थोरलीनं कपाटातून त्यांचा स्वच्छ शर्ट काढला आणि धाकटीच्या नवऱ्याला गाडी बोलवायला सांगितली.

अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण फार नाही. ऑपरेशनच्या दिवशी दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मध्ये एक पिशवी ठेवून. धाकटीला माफी मागायची होती. पण आधी थोरलीच बोलली.

"माझ्याकडे यायचे ना सकाळी, बिस्किट चहात पूर्ण विरघळवून प्यायचे. मी रोज बघायचे. म्हटलं, म्हातारपणाची लहर." तिनं पिशवीचा बंद उगाच सोडला आणि बांधला. "तुझ्या बादलीतला तो पेपरही मला दिसायचा. वाटलं, अण्णा नेतात तो आपला पेपर तू कचरा बांधायला वापरतेस आणि सांगत पण नाहीस. म्हणून मीही विचारलं नाही."

"चारचौघांत बोलायला नको होतं मी."

"नव्हतंच बोलायला हवं," थोरली म्हणाली. "ते मी इतक्यात विसरणार नाही." पण मधली पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली.

स्पर्धा वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरनं जिंकली. त्यानं मागच्या जागेत भोपळ्याचे वेल लावले, आणि ते सगळ्या इमारतीच्या पायात येऊ लागले.

अण्णा घरी आले ते निम्मे होऊन. आता ते खोलीत जेवत नाहीत. एक वेळ धाकटीकडे, एक वेळ थोरलीकडे, टेबलाशी बसून, मऊ केलेलं, थोडं थोडं. पहिल्या दिवशी दोघी त्यांच्या समोर बसल्या. त्यांनी चमचा तोंडात घातला, मान किंचित पुढे काढली, गिळलं आणि वैतागून दोघींकडे बघितलं.

"अशा गळ्यावर डोळे रोखून बसलात तर घास उतरायचा कसा?"

थोरलीनं तोंड फिरवलं आणि ती उगाच भांडी हलवायला लागली. धाकटी मात्र बघतच राहिली, पुढचा घास खाली जाईपर्यंत.