एल अक्षराची पास्टी

लेम्पीने तीसेक वर्षं त्या शिकारीच्या कॅम्पला जेवू घातलं, पण त्या कॅम्पच्या टेबलाशी तिला एकदाही कोणी ‘बस’ म्हटलं नव्हतं.

उन्हाळ्यात जायची ती. गाद्या उन्हात टाकायला, उंदरांच्या लेंड्या झाडायला, बिडाच्या तव्याला चरबी चोळून ठेवायला. पण नोव्हेंबरात हरणांची शिकार उघडली की बाईने तिथे पाऊल टाकायचं नाही. हा नियम कोणी केला? देव जाणे. करणारे कधीच मेले, पाळणारे मात्र टुणटुणीत होते.

पास्ट्या मात्र तिच्याच हातच्या लागत. शिकारीच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मिशिगनात दुसरं काही जेवलं तर हरणं हसतील. चरबीत मळलेल्या कणकेची, वीतभर लांब, करंजीसारखी मुरड घातलेली पास्टी. आत गोमांस, बटाटा, कांदा आणि पिवळा सलगम. ज्याची कॅम्पवर खुर्ची, त्याच्या पास्टीच्या एका टोकाला त्याच्या नावाचं अक्षर कणकेने चिकटवायचं. खायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे कुठली कोणाची ते शेवटच्या घासापर्यंत कळतं. खुर्च्या तीनच होत्या. एक लेम्पीच्या नवऱ्याची, ओन्नीची. एक धाकट्या दिराची, सुलोची. आणि एक त्यांच्या मित्राची, वेनोची. सुलोचा मुलगा रॉडनी तिशीचा झाला तरी लाकडाच्या पेटीवर बसून बिनअक्षराची पास्टी खायचा.

एप्रिलात ओन्नी गेला. मेपलचा रस उकळता उकळता शेडमध्येच बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर सुलो तिच्याकडे फिरकला नाही. फोन आला तो थेट नोव्हेंबरात.

“वहिनी, पास्ट्या नेहमीसारख्याच कर. फक्त ओ नको आता. आर घाल. ओन्नीची खुर्ची रॉडनीला द्यायची ठरलीय.”

“कोणी ठरवलं?”

“कोणी म्हणजे? मी. आणि सलगम जरा कमी घाल या वर्षी.”

लेम्पीने “बरं” म्हणून फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात उभी राहून तिने सुलोला घरच्या फिनिश भाषेत अशी काही शिवी हासडली, की तिची आई असती तर तोंडात साबण घातला असता. ‘कशी आहेस’ नाही, ‘लाकडं फोडून हवीत का’ नाही. माणूस मेला आणि याला पडलीय अक्षराची!

दुसऱ्या दिवशी तिने पास्ट्या केल्या. एक एस, एक डब्ल्यू, एक कोरी. चौथीवर तिने कणकेची वळी ठेवली, काटकोनात वाकवली, आणि दाबून बसवली. एल. मग दुकानात जाऊन शिकारीचा परवाना काढला, ओन्नीच्या लाल चौकड्यांच्या लोकरी कोटाच्या पाठीवर टाचला आणि त्याचीच रायफल घेऊन त्याच्याच पिकअपमध्ये बसली. कोट खांद्यात मोठा होत होता. होऊ दे, म्हणाली, आत स्वेटर घालायला जागा झाली.

ती कॅम्पवर पोचली तेव्हा अजून उजेड होता. सुलो दारातच उभा.

“आण तो खोका इकडे. आणि लवकर नीघ वहिनी, रस्ता गोठायला लागलाय.”

“सरक बाजूला. जड आहे.”

खोका घेऊन ती सरळ आत गेली. वेनो शेगडीवर कॉफी उकळत होता. सत्तरीचा, तोंडात दात थोडे आणि टोमणे फार. त्याने तिच्या पाठीवरचा परवाना पाहिला, मग सुलोचं तोंड पाहिलं, आणि कॉफीत आणखी एक कप पाणी ओतलं. लेम्पीने ताटल्या मांडल्या. एस सुलोच्या जागी, डब्ल्यू वेनोच्या जागी, कोरी पेटीवर रॉडनीला. चौथी पास्टी तिने ओन्नीच्या खुर्चीपुढे ठेवली, आणि ती स्वतः त्या खुर्चीत बसली.

“हे काय?” सुलो म्हणाला.

“अक्षर आहे. तुला वाचता येतं की.”

“वहिनी, उगाच तमाशा करू नकोस. इथे बायका बसत नाहीत.”

“माहितीये मला. तीस वर्षं पाठ आहे. पण तुमचा आणखीही एक नियम आहे ना? ज्याचं अक्षर त्याची खुर्ची, आणि पास्टी खाऊन होईपर्यंत कोणी त्याला उठवायचं नाही.”

वेनो फिसकन हसला. तो नियम त्याच्याचमुळे झालेला. एका वर्षी सुलोने त्याची पास्टी आपली समजून गट्ट केली होती, आणि वेनो अख्खा मोसम त्याच्याशी बोलला नव्हता. शेवटी ओन्नीने दोघांना टेबलावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

सुलोला ते आठवलं. त्याने दात आवळले. “ठीक आहे. खा. आणि खाल्लीस की उठ.”

“आत्ता भूक नाही मला,” लेम्पी म्हणाली. “उद्या खाईन. पहिल्या हरणाची कलेजी झाल्यावर.”

खरं तर सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. गरम पास्टीचा वास नाकात शिरत होता. पण तिने ताटलीला बोटसुद्धा लावलं नाही. नुसती काळी कॉफी प्यायली. समोर तिघे जेवत होते. वेनो नेहमीसारखा मिटक्या मारत. सुलो सलगमाचे तुकडे काट्याने वेचून कडेला सारत, एकेक करून, जणू दगडच आलेत दाताखाली. रॉडनी पास्टी नुसती चिवडत होता.

“बाबा, मला काही खुर्ची-बिर्ची नको,” तो म्हणाला. “मी आहे तिथे बरा आहे.”

“तुला कोणी विचारलं?” सुलो खेकसला. “तू गप जेव.”

“पोराला कशाला ओरडतोस?” लेम्पी म्हणाली. “मला ओरड. मी बसलेय इथे.”

निजायच्या वेळी पुन्हा तेच. बायका इथे झोपत नाहीत म्हणे. “मी झोपायला कुठे आलेय, शिकारीला आलेय,” ती म्हणाली, ओन्नीच्या बाकड्यापुढे दोरीवर घोंगडी टाकली आणि आडवी झाली. पास्टी तिने कागदात गुंडाळून उशाशी ठेवली. सुलोचा काय नेम, ती गायब करून उंदरांवर ढकलायचा.

उजाडायच्या आधी ती ओन्नीच्या मचाणाशी गेली, तर वर रॉडनी बसलेला! सुलोने त्याला भल्या पहाटे हाकलून पाठवलं होतं. बिचाऱ्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

“काकू, मी उतरतो. बाबांनी—”

“बस रे बाबा. वरून पडलास तर तेही माझ्याच माथी यायचं.”

तिला मचाणाची गरजच नव्हती. ओन्नी घरी जेवायला बसला की बोलायचा ते सगळं हरणांबद्दलच. तिने वाढावं, त्याने सांगावं: वारा मागून असला की ती मचाणाकडे येत नाहीत, सीडरच्या झाडीतल्या दलदलीच्या कडेने, पडलेल्या झाडाशी निघतात. मी मूर्ख, भलत्याच जागी मचाण बांधून बसलो, असं म्हणून तो हसायचा. आज वारा मागूनच होता. लेम्पी त्या पडलेल्या झाडामागे जाऊन बर्फात बसली. पास्टी कोटाच्या आत, छातीशी. पोटात कावळे ओरडत होते, बोटं बधिर झाली होती, आणि ती मनात म्हणत होती, ओन्नी, तू खोटं सांगितलं असशील ना, तर वर आल्यावर बघते तुझ्याकडे.

खोटं नव्हतं. उन्हं वर येता येता एक तरणा नर निघाला, दोनच सरळ शिंगं. मोठा नव्हता. भिंतीवर मिरवायचा तर मुळीच नव्हता. लेम्पीने श्वास सोडला, अर्धा धरला आणि घोडा दाबला. हरीण दोन उड्या मारून पडलं. जवळ जाऊन तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. तिला रडू आलं, मोठ्याने आलं, आणि तिने ते थांबवलं नाही. मग डोळे पुसून चाकू काढला. आयुष्यभर डुकरं आणि गायी कापलेली बाई ती, तिला कोण काय शिकवणार?

संध्याकाळी कळलं की बाकी तिघांच्या बंदुका थंडच होत्या. कॅम्पच्या पडवीत एकच हरीण टांगलं होतं आणि कलेजी लेम्पीच्या हातात होती.

आता या कलेजीचाही एक नियम. मोसमातली पहिली कलेजी सगळ्या कॅम्पने त्याच रात्री खायची. जो खाणार नाही तो कॅम्पचा नाही. हा मात्र सुलोचा स्वतःचा. एकदा त्याने खालच्या शहरातून आलेला पाहुणा, कलेजीचा वास नको म्हणाला म्हणून, बर्फातून सामानासकट परत पाठवला होता. ती गोष्ट तो दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी त्या पाहुण्याची बॅग आणखी जड व्हायची.

लेम्पीने बिडाचा तवा शेगडीवर ठेवला. आधी खारवलेल्या मांसाची चरबी सुटू दिली, त्यात कांदा घातला, चांगला तांबूस केला, बाजूला काढला. मग पिठात घोळवलेले कलेजीचे काप. या बाजूला जरा, त्या बाजूला जरा, बस. जास्त ठेवली की चपलेचा तळ. चार ताटल्या भरल्या. वेनोने बसताबसताच तोंडात घास टाकला. रॉडनी आपल्या पेटीवर बसून खाऊ लागला. सुलो दाराशी उभा होता, अंगातला कोट न काढता.

“मला भूक नाही,” तो म्हणाला.

“काल मलाही नव्हती,” लेम्पी म्हणाली.

“बाईने मारलेल्या हरणाची कलेजी या कॅम्पवर कधी शिजली नाही.”

वेनोने तोंडातला घास गिळला. “आणि तीस वर्षं पास्टी कोणाच्या हातची गिळतोयस रे? तुझ्या आजोबांच्या?”

“तू मध्ये पडू नकोस!”

लेम्पीने उलथनं खाली ठेवलं. ती सुलोसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्याला लागायची जेमतेम.

“सुलो, नियम तुझाच आहे. कलेजी खा, नाहीतर कॅम्पची चावी टेबलावर ठेव आणि नीघ. रस्ता गोठायला लागलाय.”

रॉडनीने काटा खाली ठेवला. सुलोचा हात खरंच खिशाकडे गेला, आणि तिथेच राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उतरला.

“त्याच्या खुर्चीत कोणी बसलेलं मला बघवत नाही, वहिनी,” तो म्हणाला. “रॉडनी निदान आपल्या रक्ताचा. मान वळवली तर मागून ओन्नीच वाटतो. म्हणून म्हटलं…”

“आणि मला?” लेम्पीचा आवाज चढला. “मला घरी तीनदा बघावी लागते रे त्याची खुर्ची! सकाळ, दुपार, संध्याकाळ. तुला बघवत नाही म्हणून तू एप्रिलपासून माझ्या दारात आला नाहीस. मी कुठे जाऊ? ओन्नी तुझा भाऊ होता, कबूल. पण माझा नवरा होता तो, आणि त्याची जागा वाटायला तू मला विचारलंदेखील नाहीस. पास्टीवर अक्षर बदल म्हणून सांगितलंस, जसं काही मी बेकरी आहे!”

सुलोने कोट काढला, खुंटीला लावला, टेबलाशी येऊन बसला आणि ताटली पुढे ओढली. पहिला घास त्याने न चावताच गिळला. दुसरा चावला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“मिठाची बरणी तुझ्यासमोर आहे. हात आहेत की तुला.”

त्याने मीठ घेतलं आणि ताटली पुसून खाल्ली. तेव्हा कुठे लेम्पी ओन्नीच्या खुर्चीत बसली, आपल्या वाटची कलेजी संपवली, कोटातली पास्टी काढली, कागद सोडला. कालची, थंड, एका कडेने चेपलेली. तिने दुसऱ्या टोकाकडून खायला सुरुवात केली. तसं जेवण तिने जन्मात जेवलं नव्हतं. शेवटी एल अक्षराचा कोपरा उरला. तो तिने खिडकीत ठेवला, काल बाकी दोन कोपरे ठेवले होते तिथेच, पहाटे येणाऱ्या करड्या पाखरांसाठी. अक्षराचा कोपरा तिथे ठेवायचा अशीच रीत होती.

“काकू,” पेटीवरून रॉडनी म्हणाला, “पुढच्या वर्षी माझ्याही पास्टीवर अक्षर घालशील?”

“आधी खुर्ची बनव. पडवीत लाकूड आहे.”

वेनोने वेलदोड्याचा पाव कापला, कॉफी ओतली. सुलोने पाव कॉफीत बुडवला. त्याचा आवाज थोडा निवळला होता. “ठीक आहे मग. पुढच्या वर्षी चार अक्षरं. पण वहिनी, सलगम खरंच कमी घाल.”

“मी?” लेम्पी म्हणाली. “मी कशाला घालेन? घरी राहून पास्ट्या करणारी बाई आता कॅम्पवर असते. पुढच्या वर्षी कणीक तू मळायचीस, सुलो. ऑक्टोबरात ये माझ्याकडे, शिकवते.”

सुलोचा घास तोंडापाशीच थांबला. वेनो इतका हसला की त्याची कॉफी शर्टावर सांडली.

“आणि सलगम पूर्ण पडणार,” लेम्पी म्हणाली. “मी शेजारी उभी असेन.”