गालातली गोळी

रोज पहाटे क्रांती चहासोबत माझ्या तळहातावर बीपीची गोळी ठेवायची. मी ती तोंडात टाकायचो, गालात दडवायचो आणि पंचगंगेच्या घाटावर पोचलो की पाण्यात थुंकायचो. दोन वर्षं हाच नेम. साठीला टेकलो तरी नदी एका दमात ओलांडून परत येत होतो. मला कसली गोळी? बायकोचं नाव क्रांती असलं तरी घरात तिची हुकूमशाही, आणि ती मोडल्याचा मला रोज आनंद व्हायचा.

गेल्या महिन्यात घाटावर टॉवेल पिळताना उजवा हात गळाला. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की मी पुन्हा पाण्यात होतो.

हिरवट, कोमट पाणी. कसली घाई नव्हती. उजवा हात मागे पायरीवरच विसरलो होतो आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पलीकडचा काठ दिसायचा, त्यावरचा ऊस, म्हशी. मी जवळ गेलो की तो निवांत मागे सरकायचा. तळातून पांढऱ्या गोळ्या एकेक करून वर येत होत्या आणि कपाळाला हलकेच लागत होत्या. मध्येच कुणीतरी बोलायचं, बुडी मारल्यावर घाटावरचं बोलणं ऐकू येतं तसं.

"डाव्या मेंदूत रक्तस्राव झालाय," राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या डॉक्टर मनाली सांगत होत्या. "पण एवढ्या रक्ताच्या मानानं भोवतालची सूज कमी आहे. रोज पोहायचे ना? चांगला दमसास असला की मेंदू असा घाव जरा जास्त सोसतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांचं अजून पक्कं सांगता येत नाही. यांना मात्र फायदा झाला असावा."

मी पाण्यातच छाती फुगवली.

"बीपीची गोळी रोज घेत होते?"

"व्हय की. मी सोताच्या हातानं द्याची."

"मग बीपी एवढं कसं चढलं?"

क्रांती गप्प झाली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला असं गप्प झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या शांततेनेच मी वर आलो. खाट, सलाईन, खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न. ती उशाशी बसली होती. मांडीवर घरून आणलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या आणि त्यातलं एकेक घर ती बोटाने चाचपत होती.

"एखाद्या दिवशी माझ्याकडनंच चुकली आसंल," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं वो तुमास्नी."

मला ओरडून खरं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "पाणी."

तिने चमच्याने पाणी पाजलं.

पुढे आठ दिवस तेच. डोक्यात अख्खा जबाब तयार, जिभेवर एकच शब्द. मी कबुली द्यायचो, ती पाणी पाजायची. एकदा चिडून जोरात ओरडलो तर तिने तांब्याच आणला. स्वतःचा असा राग मला कधी आला नव्हता. डोळे मिटले की पुन्हा नदी, आणि घाटावर क्रांती वाकून पायरीपायरीवर काहीतरी शोधत असायची. "तिथं न्हाय, इथं हाय," मी पाण्यातून सांगायचो. तिला ऐकू जायचं नाही.

तोवर गोळ्या कुटून देत होते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी अख्खी द्यायला सांगितली. क्रांतीने ती माझ्या जिभेवर ठेवली आणि सवयीने मेली गालात जाऊन बसली.

मी डाव्या हाताने ती बाहेर काढली. तिला दाखवली. उशाजवळच्या पाण्याच्या वाटीत टाकली. मग तोच हात तिच्या मांडीवरच्या रिकाम्या पट्ट्यांवर ठेवला.

"पाणी," मी म्हणालो. "पाणी. पाणी."

चमचा उचलायला गेलेला तिचा हात थांबला. ती वाटीत बघत राहिली.

"नदीत?"

मी मान हलवली.

"रोज?"

मी पुन्हा मान हलवली. आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती, आणि एवढं हलकंही.

"नऊ दिस मी सोताला खाल्लं," ती म्हणाली. पट्ट्या गोळा करून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता उठून जाईल. गेली असती तरी तिचं चुकलं नसतं.

तिने नवी गोळी काढली.

"आ करा."

मी गिळली.

"जीभ वर करा."

मग तिने माझ्या तोंडात बोट घातलं आणि दोन्ही गाल नीट तपासले.