कोरडा हात

"बोटानं नका बघू, पास्टर. बोटं खोटं बोलतात. कोपर घाला."

पास्टर ट्रेंटनी बाही सरकवून कोपर बाप्तिस्म्याच्या हौदात बुडवलं आणि देवाचं नाव घेतलं. प्रार्थनेत घेतात तसं नव्हे.

"ब्रदर ऑर्विल, हे पाणी नाही, शिक्षा आहे."

हौदाचा हीटर पहाटे जळाला होता. बाहेर आर्कान्सासचा गोठवणारा फेब्रुवारी होता आणि आत थोड्याच वेळात नेल्डाला, म्हणजे ऑर्विलच्या बायकोला, या पाण्यात बुडवायचं होतं. तिची फुप्फुसं संपत आली होती. ऑक्सिजनची नळी मिनिटभर काढली तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. गार पाणी चालेल असं म्हणाले नव्हते.

"पुढे ढकलू या का?" पास्टरांनी विचारलं.

"पुढे आहे काय ढकलायला?"

ऑर्विल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि हा हौद सांभाळायचा. कुणाचा बाप्तिस्मा असला की शनिवारी नळ सोडायचा, हीटर लावायचा, रविवारी कोपर घालून बघायचा. हौदामागच्या भिंतीवर येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी रंगवलेली होती. रंगवणाऱ्यानं यार्देन पाहिली नव्हती, गावामागचा तलाव पाहिला होता. त्यामुळे पवित्र नदीत एक मिशाळ मासा उडी मारत होता आणि होडीत रंगवणाऱ्याचा टोपी घातलेला मेहुणा बसला होता. मेहुणा वारला तेव्हा त्याला पुसायची सूचना आली होती. कुणाला धीर झाला नाही.

हीटर जळाला त्याच्या आधीच, शरदात कधीतरी, ऑर्विलचा विश्वासही विझला होता. भांडण नाही, तंटा नाही. एका रविवारी सगळ्या मंडळीनं नेल्डाच्या फुप्फुसांसाठी प्रार्थना केली आणि त्याच दमात शाळेच्या फुटबॉल संघातल्या एका पोराच्या गुडघ्यासाठीही केली. गुडघा बरा झाला.

तो तरी हौद भरत राहिला. न भरून काय करायचं, हे त्याला सुचलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच नेल्डाला देव सापडला. लहानपणी मेथडिस्ट चर्चवाल्यांनी तिच्या कपाळावर चार थेंब शिंपडले होते; त्यांच्यात बाप्तिस्मा तेवढ्यावर भागतो. "मला लागलंय माझं पाणी," असं म्हणत ती जन्मभर रविवारी घरी बेकन तळत बसली. एक दिवस ती म्हणाली, "मला पूर्ण बुडायचंय."

"आता? कुणी भरवलं डोक्यात?"

"तूच. इतकी वर्षं शनिवारी उठून पाणी भरतोस. उगाच कोण भरेल?"

यावर ऑर्विलला खरं बोलता आलं असतं. तो गॅरेजमध्ये गेला आणि चांगली चालणारी गाडी उघडून बसला.

शेवटी चर्चच्या बायका धावून आल्या. मयताच्या जेवणावळीत कॉफीला वापरतात ती मोठी विजेची पातेली त्यांनी लावली आणि उकळतं पाणी बादल्या बादल्या हौदात ओतलं. एक पातेलं विसळायचं राहिलं होतं. यार्देनला कॉफीचा वास सुटला.

नेल्डा पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरली. ऑर्विल वरच्या पायरीवर तिची ऑक्सिजनची नळी धरून उभा राहिला. "कोमट आहे रे," ती म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला. पास्टरांनी शब्द म्हटले, तिला मागे झुकवलं. पाणी तिच्या तोंडावर मिटलं.

ती वर आली तेव्हा सगळे रडत होते. ब्रदर हॉलिस सोडून. हॉलिस हा सगळ्यांत जुना डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, आणि पहिल्या बाकावर बसून माणूस पूर्ण बुडला की नाही हे बघणं ही त्याची जबाबदारी. एकदा एकाचा गुडघा वर राहिला म्हणून त्यानं त्याला परत बुडवायला लावलं होतं. दुसऱ्या वेळी नाक राहिलं.

"हात," हॉलिस म्हणाला. "हात कोरडा राहिला."

नेल्डाचा उजवा हात अजून ऑर्विलच्या हातात होता.

"करा परत," नेल्डा म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते.

"नाही," ऑर्विल म्हणाला आणि नळी तिच्या नाकात घातली.

सोमवारी सूप पिता पिता तिनं विचारलं, "देव मला हात सोडून घेईल का रे?"

"घेईल. हात मागाहून मागवून घेईल."

ती हसली, मग खूप वेळ खोकली. "खरं सांग. तुला ठाऊक असतं यातलं."

"घेईल," तो म्हणाला. आयुष्यात इतकं ठामपणे तो कधीच बोलला नव्हता, आणि त्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती गेली.

अंत्यविधीवाल्यांची गाडी यायच्या आधी ब्रदर हॉलिस आला. हातात बायकोनं ओव्हनमध्ये भाजून दिलेला बटाट्याचा केसरोल. दारातच म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

"ते ठेव खाली," ऑर्विल म्हणाला. "इकडे ये."

त्यानं स्वयंपाकघरातून पातेलं आणलं, पाणी तापवलं, ओतलं, कोपर घालून पाहिलं. थोडं गार मिसळलं. पुन्हा पाहिलं.

"ऑर्विल, मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा आपल्यात करत नाहीत."

"नवा कुठं करतोय? राहिलेला पुरा करतोय. तुझं काम कर, बघ."

त्यानं खाटेवरच्या नेल्डाचा उजवा हात धरून पाण्यात नेला. शब्द त्याला तोंडपाठ होते. तोंड उघडलं, शब्द आले नाहीत.

हॉलिसनं टोपी काढली. गुडघे कुरकुरवत तो खाटेशी बसला आणि पातेल्यावर वाकून नेहमीसारखं नीट, सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"पूर्ण," तो म्हणाला.

बाहेर गाडी थांबली, दारं वाजली. हॉलिस उघडायला गेला. पाणी अजून कोमट होतं, म्हणून ऑर्विलनं हात काढला नाही.