कोरड्या क्लोरीनची लाइन

बहिणीने त्याला बजावलं होतं, "दादा, हे त्या क्लोरीनच्या लाइनवर असतात. तिथे हलकासलका पाइप घालू नकोस हं."

कारखान्यात कुठला पाइप कुठल्या धातूचा, हे ठरवणं दादाचंच काम. कागदावर साधं पोलाद लिहिलेलं होतं. ते खोडून त्याने कितीतरी महागडं टायटॅनियम लिहिलं. शेजारच्या ओल्या क्लोरीनच्या लाइनवर तोच धातू दहा वर्षं डाग न पडता टिकला होता. ही लाइन कोरड्या क्लोरीनची होती, पण ओल्यात टिकतं ते कोरड्यात टिकणारच, हे त्याने गृहीत धरलं. कुठल्या वायूत कुठला धातू चालतो, त्याचा तक्ता टेबलावरच होता. पण वीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाने तक्ता उघडायचा म्हणजे काय!

लाइन सुरू केली त्याच सकाळी पाइप आतून पेटला. कोरड्या क्लोरीनमध्ये टायटॅनियम वाळल्या गवतासारखं जळतं. साध्या पोलादाच्या केसालाही धक्का लागला नसता. मेहुणा वॉल्व्ह बंद करायला धावला, तो परत आलाच नाही.

आठवड्याने दादा बहिणीकडे गेला, सगळं कबूल करायचंच असं ठरवून. ओट्यावर मेहुण्याचा डबा अजून पालथा होता.

बहिणीने पाण्याचा पेला पुढे केला. "लोक म्हणतात, हलका माल वापरला. मी एकेकाचं तोंड बंद केलं. तू सगळ्यात भारी पाइप घातला होतास ना, दादा?"

"हो," तो म्हणाला. "सगळ्यात भारी."