लाल गाय

नूतनने रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पलीकडची बाई पुन्हा तेच बोलली.

"लाल गाय लंगडते आहे, बाबा."

म्हाताऱ्याचा आवाज आला. "चारा खाते का?"

"परवापासून टाकलाच नाही."

"दावं तोडू देऊ नको. उशिराचं भारी धान निघू दे. मग पाहू."

फोन बंद झाला. बोलणं गोंडीतलं होतं. नूतनने ते एकेक वाक्य करून मराठीत टाइप केलं आणि फाइल पुढे पाठवली.

गोंदियातल्या त्या दुमजली इमारतीवर पाटी नव्हती. खाली पूर्वी बियाण्यांचं गोदाम होतं, वर आता पडदे लावलेल्या खोलीत संगणक होते. जंगलपट्ट्यातल्या नक्षल-संशयित नंबरांवरचं बोलणं इथे पोलिसांसाठी ऐकलं जाई. नूतन सालेकशाकडचीच. डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता तिशी उलटली, तेव्हा गोंडी येते म्हणून तिला इथे कंत्राटावर घेतलं होतं. रेकॉर्डिंग तिच्या टेबलावर पोचायला दोन-तीन दिवस जात. त्यामुळे ती जे ऐके ते होऊन गेलेलं असे. कोणाचं लग्न ठरलेलं, कोणी वारलेलं, कोणाचा बैल सापडलेला. आधी तिला हे विचित्र वाटायचं, मग सवय झाली.

दुपारी राजदीप सर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. वयाने ते तिच्याहून लहानच होते, पण कागदांवर सही त्यांची चाले.

"मॅडम, तो गायवाला म्हातारा, बिसराम, त्याच्या गावात आपला माणूस जाऊन आला. त्याच्याकडे गाय नाही. दोन बैल अन् कोंबड्या."

"मुलीच्या सासरी असेल, सर."

"कोहमाऱ्याच्या पलीकडे, तिथंही पाहून आला. नुसत्या शेळ्या आहेत." त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी उत्साह होता. "गाय नाही अन् हप्त्या-हप्त्याले गायीच्या गोष्टी. म्हणजे कोड आहे. लाल म्हणजे कोण, हे काही सांगायला नको. लंगडते म्हणजे जखमी. चारा म्हणजे रसद. जुने सगळे कॉल देतो तुम्हाला. फोडा."

बिसरामच्या फोनमधलं कार्ड आधी दुसऱ्या कोणाकडे होतं. तो माणूस जंगलात गेला आणि कार्ड हातोहात फिरत, बाजारातून, या म्हाताऱ्याकडे आलं. नंबर मात्र यादीत तसाच राहिला होता. एवढ्यावरून बिसराम आणि त्याची मुलगी दुर्पता यांचं बोलणं इथे साठत गेलेलं.

नूतन दुपारमागून दुपार ते ऐकत बसली. आधी तिने शब्दांकडे लक्ष दिलं, त्यातून काही निघेना. मग ती शब्दांच्या मागचं ऐकू लागली. दुर्पताचा आवाज नेहमी घुमून येई, म्हणजे फोन स्पीकरवर असे. जवळ कोणी पुरुष खाकरला की ती पाऊसपाण्यावर येई. सासरची माणसंही गोंडी बोलणारीच, तेव्हा भाषेचाही आडोसा तिला नव्हता. गाय नेहमी आठवडी बाजाराच्या, म्हणजे पुरुष पिऊन घरी येत त्याच्या, दुसऱ्या दिवशी आजारी असे. आणि एकदा म्हातारा म्हणाला, "वासराला टाकून गाय कशी येईल?" तेव्हा दुर्पताकडे, तिच्या कडेवरून असावं इतक्या जवळून एक लेकरू रडत होतं.

नूतनने हेडफोन काढून ठेवला. उठून पाणी प्यायली. मग सगळ्या कॉल्सचं भाषांतर तिने एका फाइलमध्ये घेतलं आणि जिथे जिथे 'लाल गाय' होतं तिथे तिथे 'मी' लिहून पाहिलं.

मी लंगडते आहे, बाबा. 

पुढची वाक्यंही कुठे अडखळली नाहीत. मुसक्या बांधून मारलं, दोरीने बांधून ठेवलं, दावं तोडून येईन म्हणते. नूतनने स्क्रीन वर सरकवला, खाली सरकवला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" तिने मान हलवली.

राजदीप सरांनी तिचा अहवाल तिच्यासमोरच वाचला. वाचताना त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "थांबा जरा," म्हणून ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा पेन खिशात होतं.

"यात आपला विषय नाही, मॅडम. नंबर यादीतून काढायला सांगितला. महिनाअखेर बंद होईल."

"पण सर, तिला मारून राहिले तिथं. तिकडच्या ठाण्यात नुसतं कळवलं तरी..."

"काय म्हणून कळवायचं? कसं समजलं, हे विचारतील ना? आपण ऐकतो हे कोणाला सांगता येत नाही."

"मी नाव न सांगता फोन करते."

राजदीप सरांनी दाराकडे पाहिलं. "कामाला लागताना तुम्ही कागदावर सही केली आहे. माझी बहीण असती तरी मला हेच सांगावं लागलं असतं." जाता जाता ते थांबले. "काम चांगलं केलं तुम्ही," असं म्हणाले आणि आपल्याच बोलण्याने ओशाळल्यासारखे निघून गेले.

रविवारी नूतन सकाळच्या गाडीने सालेकशाला उतरली. आपल्या गावची वाट सोडून तिने दुसरीकडे जाणारी काळी-पिवळी जीप धरली. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. ऐकलं असं म्हणता येत नव्हतं, आणि बिसरामला नवीन सांगण्यासारखं तरी तिच्याकडे काय होतं? त्याला सगळं ठाऊकच होतं. तरी नूतनला घरी स्वस्थ बसवलं नव्हतं.

बिसराम खळ्यावर धानाचे भारे रचत होता. आवाजावरून वाटला होता त्याहून बारीक माणूस. तिने 'सेवा जोहार' म्हणत हात जोडले. त्याने गोंडीतच विचारलं, "कोणाकडची तू, बाई?"

"इकडचीच आहे, मामा." मग तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या लाल गायीचं कळलं. धान निघायची वाट पाहू नका. घेऊन या तिला. वासराला पण."

बिसरामच्या हातातला भारा तसाच राहिला. त्याने तिच्या चपलांकडे पाहिलं, खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"आमच्याकडे गाय नाही," तो म्हणाला.

"मामा, मी कोणाकडून आली नाही. मी तिच्या बाजूची आहे."

"जावयानं पाठवलं का तुला? का पोलीस आहेस?" त्याने हातातला भारा खाली टाकला. "गाय नाही म्हटलं ना. जा तू. जा इथून."

घराच्या दारात त्याची बायको गीताबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. नूतनने त्यांना हात जोडले आणि मागे फिरली. परतीची गाडी उशिरा होती. स्टेशनच्या बाकावर बसून तिला सारखं वाटत राहिलं, की निदान त्याला एवढं तरी कळलं, आपल्याशिवाय अजून कोणाला तरी ठाऊक आहे. त्यामुळे त्याला धीर येईल. त्या वाटण्यावर तिने तो दिवस काढला.

हप्त्याच्या मधल्या दिवशी राजदीप सर जवळजवळ धावतच आले.

"मॅडम, बिसरामचा नंबर रविवारपासून बंद आहे. पलीकडून मुलगी लावते आहे, सारखी लावते आहे, लागत नाही. त्याला सुगावा लागला आहे. मोठे साहेब म्हणतात, तुमचा अहवाल चुकला. नुसतं सासरचं भांडण असतं तर कार्ड कायले फेकलं असतं?"

नूतन घाईने म्हणाली, "सर, गरीब माणूस आहे. बॅलन्स संपला असेल."

"उद्या आपण जाऊन राहिलो. तुम्ही पण. मराठी येते त्याला, पण आपसात गोंडीत काय बोलतात ते कळलं पाहिजे. गडबड वाटली तर घेऊनच यायचं आहे."

गाडीत ती मागे बसली होती. आमगाव मागे पडल्यावर राजदीप सरांनी पुढूनच विचारलं, "रविवारी कुठे होता तुम्ही?"

"घरी."

ते पुन्हा बाहेर पाहू लागले. "बरं," म्हणाले. "मी विचारलं नाही असं समजा."

बिसरामने त्यांना पाहिलं आणि अंगणात खाट टाकली. नूतन गाडीतून उतरली तेव्हा त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं. ओळखल्याचं काही दाखवलं नाही. सोबतचा शिपाई गोठ्यात डोकावून आला. गीताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडावर धरून.

"फोन कुठं आहे, बाबा?" राजदीप सरांनी विचारलं.

"फोन हाये जी. कार्ड हरपलं. बाजारात पडलं."

"ते लाल गायीचं काय आहे?"

"होती साहेब. मेली ते."

"मुलगी कशी आहे तुमची? दुर्पता?"

बिसरामने डोक्याचा फडका सोडला, पुन्हा बांधला. "मजेत हाये जी. चांगलं घर भेटलं तिले."

राजदीप सरांनी मागे वळून नूतनकडे पाहिलं. अहवाल दोघांनाही पाठ होता. त्यांना अजून एखादा प्रश्न विचारता आला असता, तो त्यांनी विचारला नाही. गीताबाई गोंडीत हळूच म्हणाल्या, "ही सरकारची माणसं आहेत. सांगून तर पाहा. आणतील पोरीला."

"एक दिवस आणतील," बिसराम तसाच हळू बोलला. "मग गाडी निघून जाईल. लेकरू सासरच्यांकडेच राहील."

कोणी काही विचारायच्या आत नूतन पुढे झाली. समजूत घालावी तशा आवाजात, गोंडीत, ती म्हणाली, "मामा, कार्ड घाला. ती सारखी लावते आहे. मी आली त्या दिवसापासून लावते आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा प्रथमच हलला. ओठ नुसते पुटपुटल्यासारखे झाले.

"चुलीत घातलं मी ते," तो म्हणाला. "तू आलीस त्याच दिवशी. तिचा नंबरही त्यातच होता. दुसरा नंबर घेतला तरी तिला कोण सांगेल?"

शिपाई गोठ्याजवळून इकडे पाहत होता.

"काय म्हणतात ते?" राजदीप सरांनी विचारलं.

नूतन म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणतात."

बिसरामला मराठी येत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग बायकोकडे वळून तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बोलला.

"ठेव वं, च्या ठेव साहेबायले."

गीताबाई उठल्या. चुलीतली राख त्यांनी हाताने एका बाजूला सारली आणि काड्या लावून फुंकू लागल्या.