‘बरी हाय’ म्हणणारी माणसं

मित्रांनो, रोह्याच्या एका कॉलेजच्या अडगळीत, मोडक्या बाकांखाली पडलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या पोटात आता पाली अंडी घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं काम ऐकून तुम्ही हसाल. मी माणसं बनवायचो! खोटी, पण खऱ्यासारखी उत्तरं देणारी. झोप लागत नाही, भूक नाही, चालवत नाही, अशा पुष्कळ उत्तरांच्या मुळाशी एखादंच दडलेलं कारण असू शकतं. ते हुडकायची गणिती पद्धत आमच्या दिनानाथ सरांची भारी लाडकी. पण ती चुकते कुठे, हे कळायला आतलं कारण आधीच माहीत असलेली माणसं लागतात. तशी मी सरांच्या मदतनीस रंभाताईंना बनवून द्यायचो. त्यांच्या उत्तरांत थोडी गडबडही घालायचो, कारण खरा माणूस कुठे सरळ बोलतो?

एकदा सरांकडे नदीकाठच्या आदिवासी वाडीच्या तब्येतीची पाहणी आली. तिथला फिरता दवाखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, ते या पाहणीवर ठरणार होतं. रंभाताई घरोघर जाऊन आल्या. सगळ्यांची उत्तरं ‘बरा’, नाहीतर ‘लई बरा’. पद्धतीने मुळाशी एकच कारण दाखवलं. पद्धत कारण दाखवते, नाव मात्र माणूस देतो. सरांनी नाव दिलं, ‘समाधान’.

ताईंना ते पटेना. वाडीतली सोनी झोपडीच्या दाराशी मेढ, म्हणजे लाकडी खांब, धरून उभी होती. तिला धाप लागली होती. तरी कोरा चहा पुढे करत म्हणाली होती, “बरी हाय गो बाय.” दारी आलेल्या पाहुणीला दुखणं सांगायची तिथे रीत नाही.

मग ताईंनी माझ्याकडून एक वाडी बनवून घेतली. सगळी माणसं आजारी आणि सगळी भिडस्त, कुणी कमी, कुणी जास्त. उत्तरं अगदी खऱ्या वाडीसारखी आली. मुळाशी पुन्हा एकच कारण निघालं. ते समाधान नव्हतं, भीड होती.

“सर, यातलं एकही माणूस धड नाही. आजार मीच घातलाय आत. तरी तुम्ही ज्याला समाधान म्हणालात, तेच कारण इथेही निघतंय!”

“रंभाताई, ही मशीनमधली माणसं,” सर हसले. “मेली काय नि जगली काय.”

अहवाल गेला आणि दवाखान्याची गाडी बंद झाली. मला सरांचा फार राग आला, पण माझा राग कोण विचारतो?

दिवाळीनंतर सोनीचा नवरा मारुती कॉलेजात आला.

“सोनी गेली,” तो म्हणाला. “लई धाप लागली. गाडी कशाला बंद केली, बाय?”

ताई म्हणाल्या, “मारुतीदादा, मी विचारलं होतं तिला. बरी आहे म्हणाली.”

तो गोंधळला. “मंग? पाव्हनीला आनि काय सांगायचा?”

त्या दिवशी ताई माझ्यापुढे बसून रडल्या. मी बनवलेली माणसं त्यांनी पुसून टाकली. सोनीची उत्तरं तेवढी ठेवली. ती अजून माझ्या पोटात आहेत, प्रत्येक प्रश्नापुढे ‘बरी’.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण कुणी दाराशी मेढ धरून ‘बरी हाय’ म्हणालं, तर तेवढं लिहून निघू नका. जरा बसा, चहा संपवा आणि पुन्हा विचारा.