काठ दिसत होता

बेकरीला सोमवारी सुट्टी असायची, म्हणून ती दोघं सोमवारीच तळ्यावर यायची. एरवी पहाटेपासून भट्टी, पीठ आणि गिऱ्हाइकं. मळायचं-भाजायचं काम तिचं, आणि गल्ल्यावर बसून जगाशी गप्पा मारायचं त्याचं.

"मी नसतो तर तुझे पाव मुक्यानं विकले गेले असते," तो म्हणायचा.

"आणि मी नसते तर तुम्ही नुसत्या गप्पाच विकल्या असत्या," ती म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा वाद काही मिटला नव्हता.

मासेमारीचं वेड खरं तर त्याचं. कयाक, ती एका माणसापुरती चिंचोळी होडी, त्याची, गळ त्याचे, गळांचा डबा लावून ठेवायची हौसही त्याची. पण यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कयाकच्या अरुंद बैठकीत पाय मुडपून बसायचं बंद झालं. दोन आठवडे तो घरात नुसता धुसफुसत राहिला. मग एक दिवस म्हणाला, "तू बस. मी काठावरून सांगतो."

"माझ्या सात पिढ्यांत कुणी पाण्यात पाऊल घातलं नाही," ती म्हणाली. पण बसली. आणि बसली ती अशी, की तिसऱ्या सोमवारी त्याच्या आधी तीच चहा थर्मासमध्ये भरून दाराशी तयार. तो काठावर घडीची खुर्ची टाकून बसायचा. एकदा तिचा फोन पाण्यात पडता पडता वाचला होता, तेव्हापासून दोघांचे फोन त्याच्याच खिशात असायचे.

तळं डोंगरांच्या मधोमध, खोल आणि नितळ. काठाजवळ तळाचे दगड मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ पाणी. थोडं पुढं गेलं की तळ एकदम तुटायचा आणि खाली निळसर काळोख लागायचा. भर उन्हातही बोट बुडवलं तर हाडापर्यंत कळ जायची. मोठे मासे त्या तुटलेल्या कड्याखाली असायचे. तिथं नांगर टाकून उपयोग नव्हता, दोर पुरायचाच नाही. वारा नेईल तिकडं कयाक जायची आणि अधूनमधून वल्हं मारून तिला जागेवर आणावं लागायचं.

त्या सोमवारी वारा काठाकडून होता, अगदी हलका. पाण्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"अजून पुढं!" तो ओरडला.

"अहो, किती पुढं? पलीकडच्या काठाला लागेन!"

"मग तिथं बेकरीची एक शाखा काढून ये!"

ती हसली आणि पुढं गेली. शिशाचं वजन तळाला टेकेपर्यंत तिनं दोरी सोडली, हातभर वर ओढली आणि थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गळाच्या काठीचं टोक एकदम पाण्याकडं वाकलं आणि कयाकचं तोंडच फिरलं.

"लागला!" ती किंचाळली.

तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. "घाई करू नकोस! पळू दे त्याला! दमव!"

तिनं दमवला. दोरी गुंडाळावी, त्यानं पुन्हा ओढून न्यावी, असं कितीतरी वेळ चाललं. खांदे भरून आले. शेवटी त्या निळ्या खोलीत काहीतरी पांढरट वळताना दिसलं. मासा केवढा तरी मोठा होता.

"दिसला! अहो, दिसला!" तिनं मान वर केली.

तो खाली बसला होता. गुडघा दुखला असेल, तिला वाटलं. मग तो पुढं वाकला, एक हात छातीवर, आणि खुर्चीसकट कुशीवर कलंडला.

नाटकं करायची त्याला सवयच होती. गिऱ्हाईक उधार मागायला आलं की तो गल्ल्यावर असाच आडवा व्हायचा. "पुरे झाली नाटकं!" ती ओरडली.

तेवढ्यात त्याची हाक आली. "अगं."

ओरडून नव्हे, शेजारच्या खोलीतून मारावी तशी. पाण्यावरून आवाज सरळ चालत आला.

तिनं सुरी काढून दोरी कापली. माशाकडं बघितलंही नाही. वल्हं उचललं आणि काठाकडं तोंड करून मारत सुटली.

आता तिला वारा कळला. येताना पाठीवर होता म्हणून जाणवला नव्हता, तो आता छातीवर होता. पिठाची पोती उचलणारे हात होते तिचे, पण काठ जवळ येईना. ओरडायला थांबलं की कयाक मागं सरायची. वल्हं मारलं की ओरडायला श्वास उरायचा नाही. त्याच्याशी बोलावं की त्याच्याकडं जावं, दोन्ही एकदम होत नव्हतं.

"येतेय," ती वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला पुटपुटत होती. "येतेय. आलेच."

"अगं," पुन्हा.

ती थांबली. पोटातून ओरडली, "फोन! खिशातला फोन घ्या!"

त्याचा हात हलला. खिशापर्यंत गेला. फोन बाहेर आला आणि दगडांवर पडला. तो पडल्याचा टक्क असा आवाज तिला ऐकू आला. हात पुन्हा हलला नाही.

वरच्या पायवाटेवर एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. कयाकमधून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, वल्हं डोक्यावर नाचवलं. बाई थांबली, बघितलं, आणि हसून हात हलवला. बाईला वाटलं, ही मजेत आहे.

"अहो बाई! खाली! खाली बघा!"

कुत्र्यालाच आधी कळलं. ते दोरी ओढत दगडांकडं धावलं, भुंकायला लागलं. त्याच्यामागं बाई आली आणि मग पळतच सुटली. पडलेल्या माणसाजवळ गुडघ्यांवर बसली. आपला फोन कानाला लावला, मग खाली ठेवून दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागली. दाबता दाबता तिनं तळ्याकडं तोंड केलं.

"वय काय?"

"बावन्न!"

"हृदयाचं काही दुखणं?"

"नाही! गुडघा! गुडघ्याचं ऑपरेशन!"

"गोळ्या चालू आहेत?"

चालू होत्या. रोज रात्री तीच काढून द्यायची. पांढरी आणि एक पिवळी. नाव काही आठवेना. "आहेत!" ती ओरडली. "नाव... पिवळी!" आणि स्वतःचंच उत्तर ऐकून तिला रडू फुटलं. वल्हं मात्र थांबवलं नाही.

कयाक दगडाला लागली तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते. उठायला गेली ती पाण्यातच पडली. गार पाण्यानं श्वास अडकला. ती हातांवर रांगत काठावर आली.

"मला करू द्या," ती म्हणाली.

"तुम्ही दमलायत," बाई धापा टाकत म्हणाली. "गाडी निघाली आहे. तुम्ही बोला त्यांच्याशी."

बोला म्हणे. आयुष्यभर ती त्याच्या एकाला दोन उत्तरं देत आली होती. तिनं त्याचा हात हातात घेतला. तिच्या ओल्या हातापेक्षा तो उबदार होता.

"अहो," ती म्हणाली, "मोठा होता. खरंच मोठा होता."

त्याचे डोळे अर्धे उघडे होते. ते तिच्याकडं होते की नुसतेच वर, हे तिला ठरवता आलं नाही.

गाडी आली, माणसं उतरली, त्यांनी तिला हलकेच बाजूला केलं. दवाखान्यात पुन्हा एका दारापाशी बाजूला केलं. तिथून एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात धरून म्हणाली, "आम्ही खूप प्रयत्न केले."

ती मान हलवत राहिली. कुणीतरी तिच्या खांद्यावर चादर टाकली. कुणीतरी दोन फोन तिच्या मांडीवर ठेवले, एकाची काच तडकलेली.

घरी कळवायला हवं होतं. त्याच्या थोरल्या भावाला तिनं तीनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. कारखान्यात असला की त्याचा फोन कपाटात असायचा. मग तिनं त्याच्या घरी लावला. तो सासूबाईंनी उचलला. त्या थोरल्या मुलाकडं राहायच्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं.

"कोण गं? तू होय! आज बरी आठवण झाली."

"आई, घरात कोण आहे?"

"काय?"

"घरात दुसरं कोण आहे?"

"मीच आहे. थोरली सून बाजारात गेली. आवाज का असा? सर्दी झाली का? त्या गार पाण्यात कशाला जाता गं? त्याला दे बरं फोन, चांगलं सुनावते."

व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती. एक बाप लेकराला मांडीवर झोपवत होता. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"आई, ते गेले."

"कुठं गेला?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मोठ्यानं बोल बाई, काही ऐकू येत नाही. कुठं गेला तो?"

शेजारचं बोलणं थांबलं होतं. सगळे खाली बघत होते. तिनं डोळे मिटून घेतले आणि त्या भरल्या व्हरांड्यात, जमेल तितक्या मोठ्या आवाजात, सासूबाईंना सांगितलं.